गणित-विज्ञानाच्या वर्गासाठी मोफत ऑनलाइन साधने : शिक्षक आणि अभ्यासिका चालवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी माहिती

दहावीच्या विज्ञानाला शंभर गुण असतात. भाग १ चे ४०, भाग २ चे ४० आणि प्रात्यक्षिकाचे २०. प्रात्यक्षिकाचे गुण पदरात पडतात, पण ॲमीटर स्वतःच्या हाताने जोडला आहे, भिंगाचे नाभीय अंतर स्वतः मोजले आहे असे किती मुले सांगू शकतील? अनेक शाळांत प्रयोगशाळेला कुलूप असते आणि जर्नल एकमेकांचे पाहून उतरवले जाते.

याचा फटका अकरावीत बसतो. तोपर्यंत मराठी किंवा सेमी इंग्रजीत शिकलेले मूल विज्ञान शाखेत जाते. पुस्तके पूर्ण इंग्रजीत, वेग दुप्पट, आणि सोबतची मुले महागड्या शिकवणीतून दोन वर्षे आधीच तयार झालेली. वर्षभरात मूल म्हणू लागते, ‘गणित आपल्याला जमत नाही’. खरे तर जमत नाही असे नसते. सहावी ते नववीच्या काळात अपूर्णांक, ऋण संख्या, आलेख, विद्युतधारा या गोष्टी त्याला कोणी दाखवलेल्याच नसतात.

ही उणीव भरून काढायला आज लागणारी बरीच साधने इंटरनेटवर मोफत आहेत, त्यातली काही मराठीतही आहेत. मात्र मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला म्हणजे वर्ग झाला, असा समज पसरला आहे. कोरोना काळात शाळा बंद असताना त्या समजाचे काय झाले ते आपण पाहिले. ‘असर’ या देशव्यापी पाहणीच्या २०२१ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यातल्या २६.१ टक्के मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. घरात फोन असणे वेगळे आणि मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, हाती तो येणे वेगळे.

म्हणून या लेखात ऑनलाइन साधनांचा विचार वर्गातली साधने म्हणून केला आहे. एक शिक्षक किंवा कार्यकर्ता, समोर वीस-तीस मुले, एक मोबाईल किंवा लॅपटॉप आणि जमल्यास एक प्रोजेक्टर, एवढ्यावर काय करता येईल ते पुढे दिले आहे. उदाहरणे मुद्दाम नागपूरच्या महाल भागातली घेतली आहेत. जुन्या शहरातल्या अरुंद गल्ल्या, दाटीची घरे, मराठी माध्यमाच्या शाळा आणि लागूनच विज्ञान केंद्र, असा हा भाग. इथे जे जमेल ते इतर शहरांतल्या वस्त्यांतही जमेल.

महालच्या आसपास आधीच काय आहे

ऑनलाइन शोधायला बसण्यापूर्वी पायी जाता येईल असे काय आहे ते पाहावे. महालजवळ, गांधीसागर तलावासमोर रामन विज्ञान केंद्र आहे. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या अखत्यारीतले हे केंद्र १९९२ मध्ये सुरू झाले. तिथे हाताळून पाहण्याची उपकरणे आहेत आणि तारांगणही आहे. ज्यांचे नाव या केंद्राला दिले आहे ते सर चंद्रशेखर वेंकट रामन वित्त विभागातल्या नोकरीच्या काळात काही काळ नागपुरात होते. २८ फेब्रुवारी १९२८ च्या त्यांच्या शोधाची आठवण म्हणून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नागपूरचा ‘अपूर्व विज्ञान मेळावा’. महानगरपालिका आणि असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन ही संस्था मिळून तो भरवतात. महापालिका शाळांतली मुले बाटल्या, फुगे, आरसे, चुंबक अशा साध्या वस्तूंनी प्रयोग करतात आणि बघायला आलेल्यांना त्यामागचे विज्ञान स्वतः समजावून सांगतात. महागडी प्रयोगशाळा नसली तरी विज्ञान शिकवता येते, याचा पुरावा आपल्याच शहरात दरवर्षी उभा राहतो. ऑनलाइन साधनांनी याच कामाला हातभार लावायचा आहे.

कोणते साधन कशासाठी

साधने शेकडो आहेत. सुरुवातीला खालची पुरेशी आहेत.

१. ई-बालभारती आणि दीक्षा. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. जुने पुस्तक फाटले, मिळाले नाही, ही अडचण राहत नाही. पाठ्यपुस्तकात छापलेले क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केले की त्या पाठाशी संबंधित व्हिडिओ आणि स्वाध्याय उघडतात. दीक्षा हे केंद्र सरकारचे व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. अभ्यासक्रमाशी थेट जुळणारे म्हणून पहिले पाऊल इथेच टाकावे. साहित्याचा दर्जा मात्र सगळीकडे सारखा नाही, म्हणून आधी स्वतः पाहावे आणि मगच वर्गात लावावे.

२. फेट सिम्युलेशन. इंग्रजीत पी-एच-ई-टी ही चार अक्षरे लिहून शोधले की सापडते. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. यातले प्रत्येक सिम्युलेशन म्हणजे पडद्यावरची छोटी प्रयोगशाळा आहे. विद्युत मंडल जोडणे, अपूर्णांक, रासायनिक समीकरण संतुलित करणे, प्रकाशाचे अपवर्तन, पदार्थाच्या अवस्था, आलेख असे दीडशेहून अधिक विषय त्यात आहेत. संकेतस्थळावर भाषा निवडता येते आणि मराठीत अनुवादित झालेली सिम्युलेशन मिळतात. एकदा उतरवून घेतले की ती इंटरनेटशिवाय चालतात.

३. जिओजेब्रा. भूमिती आणि आलेखांसाठी. ऑस्ट्रियाचे मार्कुस होहेनवार्टर यांनी ते विद्यार्थिदशेत तयार करायला सुरुवात केली. त्रिकोण काढा, शिरोबिंदू बोटाने ओढा, कोन आणि बाजू बदलताना दिसतात. समरूपता, वर्तुळ, निर्देशक भूमिती, दोन चलांतील रेषीय समीकरणे या पाठांना याचा मोठा उपयोग होतो.

४. ओलॅब्स. सी-डॅक मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांनी शालेय प्रयोगांसाठी उभारलेली आभासी प्रयोगशाळा. नववी ते बारावीचे प्रयोग कृती, साहित्य, निरीक्षणे आणि प्रश्नांसह दिलेले आहेत. मराठीतही काही भाग आहे. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी मुलांना कृती समजावून सांगायला हे उत्तम.

५. अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ. आयआयटी कानपूरचे पदवीधर असलेल्या गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवण्यात आयुष्य घालवले. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या छोट्या फिल्म्स आणि विज्ञान-गणिताची पुस्तके आहेत, मराठीतलीही आहेत. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी सुरुवात इथून करावी.

६. खान अकॅडमी. गणिताच्या सरावासाठी. उत्तर चुकले तर टप्प्याटप्प्याने सूचना मिळते. आठवीतल्या मुलाला भागाकार येत नसेल तर त्याला चारचौघांत न लाजवता मागच्या इयत्तेचा सराव देता येतो.

७. स्टेलॅरियम. आकाश दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर. ठिकाण नागपूर निवडले की कोणत्याही तारखेला, कोणत्याही वेळी इथल्या आकाशात सूर्य, चंद्र, ग्रह कुठे असतील ते दिसते.

८. मराठी विश्वकोश. संकल्पनेचा अर्थ किंवा मराठी परिभाषा अडली तर विश्वकोशाचे संकेतस्थळ पाहावे. शिकवणाऱ्याच्या तयारीसाठी याच्याइतका भरवशाचा मराठी आधार क्वचितच मिळेल.

तासिका कशी घ्यावी

साधन कोणतेही असो, क्रम हा ठेवावा : अंदाज, निरीक्षण, कृती, नोंद.

आधी प्रश्न विचारा आणि प्रत्येक मुलाला अंदाज वहीत लिहायला सांगा. हात वर करून उत्तर मागितले तर तीच चार मुले बोलतात. लिहायला लावले की सगळ्यांना विचार करावा लागतो. मग पडद्यावर दाखवा. त्यानंतर तोच प्रयोग शक्य असेल तर प्रत्यक्ष हाताने करा. शेवटी अंदाज आणि निकाल यांत फरक का पडला, ते मुलांनी आपल्या शब्दांत लिहावे.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत पडदा दहा-बारा मिनिटांपेक्षा जास्त नको. व्हिडिओ सलग लावू नका. दर दोन मिनिटांनी थांबवून ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारा. ज्या व्हिडिओत थांबून विचारण्यासारखे काही सापडत नाही, तो वर्गाच्या उपयोगाचा नाही.

धोक्याचा प्रयोग पडद्यावर करावा आणि बिनधोक प्रयोग हाताने, हा दुसरा नियम. तीव्र आम्ल, घरातला वीजपुरवठा, ज्वलनशील पदार्थ हे अभ्यासिकेत आणू नका; त्यासाठी ओलॅब्स आहे. पण सेल, तार, बल्ब, भिंग, आरसा, पाणी, काडेपेटीतल्या काड्या हे मुलांच्या हातात गेलेच पाहिजे.

नमुना तासिका १ : रोषणाईची माळ का विझते?

आठवी ते दहावीच्या धाराविद्युतच्या पाठांसाठी. १४ एप्रिलला वस्तीत रोषणाई होते तेव्हा माळेतला एक दिवा गेला की माळेचा एक तुकडाच विझतो, हे मुलांनी पाहिलेले असते. घरात मात्र एका खोलीतला बल्ब गेला तर दुसऱ्या खोलीतला चालू राहतो. असे का? अंदाज लिहायला सांगा.

आता फेटमधले विद्युत मंडलाचे सिम्युलेशन उघडा. एक सेल, दोन बल्ब आधी एकसर जोडणीत जोडा, मग समांतर जोडणीत. बल्ब किती तेजाने पेटतात, एक काढल्यावर दुसऱ्याचे काय होते, ॲमीटरचे वाचन कसे बदलते ते पाहा. इलेक्ट्रॉन वाहताना दिसतात. सिम्युलेशनमध्ये विद्युतधारेची रूढ दिशाही निवडता येते. इलेक्ट्रॉन एका दिशेने जातात आणि आपण धारा उलट दिशेने का दाखवतो, हा पुस्तकातला गोंधळ इथे दोन मिनिटांत सुटतो.

मग टॉर्चचे सेल, छोटे बल्ब आणि तारा घेऊन तीच जोडणी मुलांकडून करून घ्या. पडद्यावरची जोडणी नेहमी पेटते. हातातली पेटत नाही. कुठे तार सैल असते, कुठे बल्बचा फिलामेंट तुटलेला असतो, कुठे सेल उतरलेला असतो. दोष शोधत बसणे हाच खरा प्रयोग आहे आणि तो कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही.

इथे एक गोष्ट ठरवून करा. गट पाडले की मुलगे जोडणी करतात आणि मुली नोंदी लिहितात, अशी वाटणी आपोआप होते. ती मोडा. तार, माऊस आणि मोबाईल आळीपाळीने प्रत्येकीच्या हातात गेला पाहिजे.

नमुना तासिका २ : महालच्या गच्चीवरून पृथ्वीचे माप

दहावीच्या त्रिकोणमितीसाठी आणि भूगोलासाठीही. साहित्य : एक मीटर लांबीची सरळ काठी, दोऱ्याला दगड बांधून केलेला ओळंबा, मोजपट्टी आणि सपाट गच्ची किंवा मैदान.

नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त याच्याही उत्तरेला असल्याने वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस २६ मे आणि १७ जुलैच्या सुमारास येतो. पण मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि जुलैत आभाळ भरलेले असते. म्हणून शाळेसाठी दुसरा दिवस सोयीचा : २२ डिसेंबर. आकाश निरभ्र, शाळा सुरू.

त्या दिवशी मध्यान्ही नागपुरात सूर्य डोक्यापासून सुमारे ४४.६ अंश दक्षिणेला कललेला असतो. म्हणजे एक मीटर काठीची सावली सुमारे ९९ सेंटिमीटर, जवळजवळ काठीइतकीच! टॅन ४५ अंश बरोबर १ हे सूत्र पाठ करण्याऐवजी मुले ते जमिनीवर पाहतात.

कृती अशी. आदल्या दिवशी वर्गात स्टेलॅरियमवर २२ डिसेंबरचे नागपूरचे आकाश लावा आणि सूर्य सर्वांत उंच केव्हा येतो ते शोधा. उत्तर १२ वाजून १२ मिनिटांच्या आसपास येईल. बारा वाजता का नाही? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नागपूर सुमारे ७९.१ अंशावर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणून जवळपास चौदा मिनिटांचा फरक. उरलेला एक-दोन मिनिटांचा फरक पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या कललेल्या अक्षामुळे पडतो. दुसऱ्या दिवशी ११.५० ते १२.३० पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने नोंदवा. सर्वांत लहान सावली मोजा. ती बरोबर उत्तरेकडे पडते. मोबाईलमधले होकायंत्र तपासायलाही हीच सावली वापरा.

आता याच प्रयोगात इंटरनेटचा खरा उपयोग करा. हैदराबाद नागपूरच्या जवळपास थेट दक्षिणेला, सरळ रेषेत सुमारे ४२० किलोमीटरवर आहे. तिथल्या एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याला त्याच दिवशी त्याच्या मध्यान्ही एक मीटर काठीची सावली मोजून पाठवायला सांगा. ती सुमारे ८६ सेंटिमीटर भरेल, कोन ४०.८ अंश. दोन्ही कोनांतला फरक ३.८ अंश. ३.८ अंशांना ४२० किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिकाने उत्तर येते ३९,८०० किलोमीटरच्या आसपास. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. मोजण्यात एखाद-दुसऱ्या सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तर हजारो किलोमीटरने बदलते, त्याचीही चर्चा करा. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिसने याच रीतीने पृथ्वी मोजली होती.

मार्च किंवा सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, हीच सावली ३९ सेंटिमीटरच्या आसपास भरते. त्यातून निघणारा कोन हा थेट नागपूरचा अक्षांश असतो. सूर्याकडे मात्र कोणीही उघड्या डोळ्यांनी पाहू नये; आपले काम फक्त सावलीशी आहे.

नमुना तासिका ३ : गांधी गेटची उंची

कोनमापकाला दोरा आणि छोटे वजन बांधून उन्नत कोन मोजण्याचे साधन तयार होते. महालच्या भोसलेकालीन गांधी गेटपासून ठरावीक अंतरावर उभे राहून माथ्याचा कोन मोजा. अंतराला त्या कोनाच्या टॅनने गुणा आणि त्यात डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवा. सकाळी वाहतूक कमी असताना, शिक्षकांसोबत जा. नाहीतर शाळेच्या इमारतीवर हाच प्रयोग करा. नंतर जिओजेब्रावर तोच त्रिकोण काढून अंतर बदलले तर कोन कसा बदलतो ते पाहा.

त्रिकोण मोजून देश मोजण्याच्या कामाशी आपल्या भागाचे नातेही सांगा. १८०२ मध्ये सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्बटन हे काम करतानाच १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. नागपूरचा झिरो माईल स्तंभही याच सर्वेक्षणाशी जोडलेला आहे.

जिओजेब्राबाबत एक इशारा. वर्तुळातला बिंदू ओढत राहिले तरी आंतरलिखित कोन तेवढाच राहतो, हे दिसले म्हणजे प्रमेय सिद्ध झाले असे मुलांना वाटते. त्यांना हे उदाहरण द्या : न चा वर्ग अधिक न अधिक ४१. न च्या जागी ०, १, २ असे घालत गेले तर ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या येते. चाळीस वेळा खरे ठरले. पण न बरोबर ४० घेतले की येते १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. दिसणे आणि सिद्ध होणे यातला फरक इथे कळतो. पडद्यावर पाहिल्यानंतर सिद्धता वहीत लिहिलीच पाहिजे.

एकच मोबाईल आहे, नेट नाही, तेव्हा

- घरी किंवा जिथे वायफाय आहे तिथे साहित्य आधीच उतरवून ठेवा. पेन ड्राइव्हवर इयत्ता आणि पाठ यांनुसार फोल्डर करा. असा एक पेन ड्राइव्ह दहा अभ्यासिकांना पुरतो.
- ‘कोलिब्री’ हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर बसवता येते. त्यात धडे एकदा उतरवले की खोलीतले बाकी मोबाईल त्या लॅपटॉपच्या वायफायला जोडून इंटरनेटशिवाय तेच धडे पाहू शकतात.
- ‘किविक्स’ ॲपने मराठी विकिपीडिया मोबाईलमध्ये साठवून ऑफलाइन वाचता येतो.
- प्रोजेक्टर नसेल तर मुलांचे पाच-पाचचे गट करा. एक गट मोबाईलवर सिम्युलेशन करील, दुसरा प्रत्यक्ष साहित्य हाताळील, तिसरा गणिते सोडवील. दर दहा मिनिटांनी गट बदला.
- काहीच नसेल तर शिकवणाऱ्याने स्वतः सिम्युलेशन पाहून, आकृती फळ्यावर काढून, तेच प्रश्न विचारावेत. चांगले साधन शिकवणाऱ्याची तयारी सुधारते, हाही त्याचा मोठा उपयोग आहे.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमातल्या मुलाला अपवर्तन कळते, पण अकरावीत ‘रिफ्रॅक्शन’ आले की ते नवीन वाटते. सेमी इंग्रजीतल्या मुलाला रिफ्रॅक्शन हा शब्द पाठ असतो, अर्थ सांगता येत नाही. दोघांवर उपाय एकच : वहीच्या मागच्या पानांवर दुभाषी शब्दयादी. एका बाजूला त्वरण, दुसरीकडे ॲक्सिलरेशन. रोध आणि रेझिस्टन्स. मूलद्रव्य आणि एलिमेंट. दर तासिकेला पाच शब्द. वर्षाला दोनशेहून अधिक होतात. आधी सिम्युलेशन मराठीत दाखवा, संकल्पना पक्की झाली की पुढच्या तासिकेला तेच इंग्रजीत उघडा. अकरावीतली निम्मी भीती इथेच संपते.

खबरदारी

मुलांची खाती उघडण्याची घाई करू नका. वर सांगितलेल्या बहुतेक साधनांना लॉगिन लागत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. अभ्यासिकेतल्या मुलांचे फोटो, नावे, गुण समाजमाध्यमांवर टाकतानाही हेच पथ्य पाळावे.

यूट्यूबवरचा व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि पाचव्या मिनिटाला मूल भलतीकडेच गेलेले असते. ऑटोप्ले बंद ठेवा किंवा व्हिडिओ आधीच उतरवून घ्या.

विज्ञानाच्या नावाखाली चमत्कार, ग्रहदशा आणि ‘प्राचीन काळी सगळे शोध लागलेच होते’ असे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ते लपवण्याऐवजी कधीकधी वर्गात लावा आणि तीन प्रश्न विचारा : हे कोण सांगते? मोजून पाहिले आहे का? आपण स्वतः तपासू शकतो का? वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास करणे हे संविधानाच्या कलम ५१ क नुसार नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे. ते पार पाडायचा सराव आठवीच्या वर्गातच व्हायला हवा.

कार्यकर्त्यांनी सुरुवात कशी करावी

पहिला आठवडा : आपल्या वस्तीतल्या सहावी ते दहावीच्या मुलांची यादी करा. प्रत्येकाला भागाकार, अपूर्णांक, ऋण संख्या यांची दहा साधी गणिते द्या. कोण कुठे अडले आहे ते कळेल. इयत्ता पाहून गट करू नका, अडचण पाहून करा.

दुसरा आठवडा : शाळेच्या शिक्षकांना भेटा. शाळेत कोणता पाठ चालू आहे ते विचारा आणि अभ्यासिकेत त्याच पाठाचे साधन वापरा. शाळेशी स्पर्धा करायची नाही. प्रयोगशाळा बंद असेल तर ती आठवड्यातून एक दिवस उघडावी, अशी लेखी विनंती पालकांच्या सह्यांनिशी शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या.

तिसरा आठवडा : विहारातल्या किंवा समाजभवनातल्या अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड तास ठरवा. एक दिवस गणित, एक दिवस विज्ञान. अभियांत्रिकी, फार्मसी, बीएस्सी शिकणारे वस्तीतलेच दोन-तीन तरुण-तरुणी जबाबदारी घेतील असे पाहा. प्रत्येकाने महिन्याला दोनच पाठ घ्यावेत, पण पूर्ण तयारीने.

चौथा आठवडा : साहित्याची एक पेटी करा. सेल, बल्ब, तारा, दोन भिंगे, दोन आरसे, चुंबक, होकायंत्र, कोनमापक, मोजपट्ट्या, फुगे, दोरा. पेटीची नोंदवही मुलांकडे द्या.

तीन महिन्यांनी तीच दहा गणिते पुन्हा द्या. किती मुले पुढे सरकली ते पाहा आणि त्यावरून पुढचे साधन निवडा. व्हिडिओ किती पाहिले, ॲप किती जणांनी घेतले, या आकड्यांना अर्थ नाही. ज्या मुलीने सप्टेंबरमध्ये तार हातात धरायला नकार दिला, तिने डिसेंबरमध्ये समांतर जोडणी स्वतः केली आणि धाकट्या गटाला समजावून सांगितली, तर काम योग्य दिशेने चालले आहे असे समजावे.

वर्षाच्या शेवटी रामन विज्ञान केंद्राची भेट ठेवा. पडद्यावर आणि पेटीतून शिकलेल्या तीन गोष्टी तिथल्या उपकरणांत शोधून काढा, असे प्रत्येक मुलाला सांगा. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन त्यासाठी योग्य आहे. तोवर २२ डिसेंबरची दुपार येऊन गेलेली असेल; त्या दिवसासाठी एक मीटरची काठी आत्ताच कापून ठेवा.